लेन्स बसवण्याआधी मला कोणी विचारलंच नाही



दशलक्षण पर्वात एका संध्याकाळी मंदिराच्या पायऱ्या उतरत होते. मागून एक काकू म्हणाल्या, "डोळ्याचं झालं म्हणे तुमचं. कितीवाली बसवली?" मी म्हटलं, "इम्पोर्टेड आहे." "हो, पण कितीवाली?" आकडा सांगितला. त्यांचं समाधान झालं. शेजारची बाई म्हणाली, "आमच्या सासऱ्यांना सव्वा लाखाची बसवली, मुलाने ऐकलंच नाही." मग तिसरीने तिच्या भावाचा आकडा सांगितला. पाच-सात मिनिटं सोन्याचा भाव चालावा तसा लेन्सचा भाव चालला. तुम्हाला दिसतं कसं, हे एकीनेही विचारलं नाही.

विचारलं असतं तर मी खरं सांगितलं असतं. ज्या डोळ्यासाठी एवढे पैसे मोजले, त्या डोळ्याला समोरच्या ताटातला भात दिसत नव्हता.

ऑपरेशन बिघडलं असा अर्थ काढू नका. डॉक्टरांचा हात चांगला होता, दुखलं नाही, लाली आली नाही, दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर बेसा चौकातल्या दुकानांच्या पाट्या रिक्षातूनच वाचता आल्या. आठवड्याने तपासलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "काकू, सिक्स बाय सिक्स! अभिनंदन." मी म्हटलं, "पण डॉक्टर, जवळचं दिसत नाही." ते म्हणाले, "त्याला चष्मा लागेलच ना, सगळ्यांनाच लागतो." खरं आहे, सगळ्यांना लागतो. मला लागत नव्हता. मला दहावीपासून मायनस तीनचा नंबर. बी.कॉम.च्या वर्गात चष्म्याशिवाय फळा दिसायचा नाही, पण चष्मा काढला की पुस्तकातलं बारीकातलं बारीक अक्षर, सुईचं नेढं, तांदळातला किडा सगळं लख्ख. पन्नास वर्षं मी असंच जगले. बाहेर जाताना चष्मा लावायचा, काम करताना काढायचा. माझ्या दृष्टीने तो दोष नव्हताच. माझं निम्मं घर त्या उघड्या डोळ्यावर चालायचं.

ते एका सकाळी, वीस मिनिटांत, कोणी काही न विचारता काढून घेतलं आणि त्याबद्दल माझं अभिनंदन केलं. म्हणून आज भांडायला बसले आहे. हॉस्पिटलचं नाव लिहिणार नाही, कारण हे एका हॉस्पिटलचं नाही. आणि अर्धी चूक माझी आहे, तीही लिहिणार आहे.

झालं असं. आमच्या ह्यांचं ऑपरेशन वर्षभर आधी झालं होतं. ह्यांना गाडी चालवायची, लांबचं स्वच्छ दिसलं की माणूस खूश. माझ्या वेळी आम्ही दोघं धंतोलीत जाऊन बसलो. डोळ्यात थेंब टाकून माझ्या बाहुल्या मोठ्या केलेल्या, समोरचा कागद मला धूसर. काउन्सेलर मुलगी गोड होती. तिने तक्ता पुढे केला, मला नाही, ह्यांना. चार रांगा, चार किमती, वरच्या रांगांना सोन्याचांदीची नावं. मुलगा पुण्याहून फोनवर, स्पीकर चालू. तो म्हणाला, "आई, पैशाचं बघू नकोस, चांगली बसव." मुलगी म्हणाली, "काकांना जी बसवली तीच काकूंना करू या का?" हे म्हणाले, "हो, तीच करा." मी मान हलवली. झाला निर्णय. साडी घेताना आपण सात दुकानं फिरतो, पदर उलटा करून बघतो. आणि मरेपर्यंत डोळ्यात राहणारी वस्तू मी मान हलवून घेतली.

आता थोडं गणित. घाबरू नका, मी कॉमर्सवाली आहे, भागाकाराच्या पुढे जात नाही. आपल्या डोळ्यातली जन्मजात लेन्स लहानपणी लवचीक असते, जवळ-दूर स्वतःच जुळवून घेते. चाळिशीनंतर ती ताठरते, म्हणून चाळिशी लागते. पुढे ती गढूळ होते, तो मोतीबिंदू. ऑपरेशनमध्ये ती गढूळ लेन्स काढतात आणि तिच्याच पातळ पिशवीत कृत्रिम लेन्स ठेवतात. साध्या, म्हणजे मोनोफोकल लेन्सला एकच अंतर स्पष्ट दिसतं. ते अंतर कोणतं असावं, हे ऑपरेशनच्या आधी ठरवावं लागतं, कारण त्यावरून लेन्सचा नंबर निवडतात. डोळा शून्य नंबरावर आणला तर लांबचं स्पष्ट, जवळच्याला चष्मा. मुद्दाम मायनसमध्ये ठेवला तर जवळचं स्पष्ट, लांबच्याला चष्मा. किती जवळचं, ते काढायला शंभराला नंबराने भागा. मायनस तीन म्हणजे ३३ सेंटिमीटर, हातातल्या पुस्तकाचं अंतर. मायनस दोन म्हणजे ५० सेंटिमीटर. मायनस एक म्हणजे एक मीटर.

ह्यात लेन्सची किंमत कुठे आली? कुठेच नाही. तीच कंपनी, तीच लेन्स, तोच खोका, फक्त आत वेगळा नंबर. एक रुपयाही जास्त न देता मला माझा जवळचा डोळा परत मिळू शकला असता. फक्त कोणीतरी विचारायला हवं होतं, "काकू, तुम्ही दिवसभर डोळ्याने काय काम करता?"

हा प्रश्न बाईला का विचारला जात नाही, ह्यावर मी बरेच दिवस विचार केला. पुरुषाला विचारतात. गाडी चालवता का, रात्री चालवता का, कॉम्प्युटर आहे का, पेपर वाचता का. मला विचारलं, "काकू घरीच असता ना?" घरीच असणं म्हणजे डोळ्याला काम नाही, असा अर्थ निघाला. आता आपल्या घरातलं काम मोजा. धान्य निवडणं, डाळ निवडणं, पालेभाजीचं पान न् पान उलटं करून बघणं, सांभाराच्या काडीला चिकटलेली अळी, फुलकोबी तर आपण आणतच नाही पण वांगं चिरताना आत बघणं, पिठात जाळं झालं का ते बघणं, पाणी गाळणं, सूर्य मावळायच्या आत स्वयंपाक उरकणं, स्वाध्यायाला बसलं की बारीक टाइपातली टीका वाचणं. हे सगळं हाताच्या अंतरावरचं आहे. आमच्या सासूबाई म्हणायच्या, जैनाच्या घरातल्या बाईचे डोळे म्हणजे घराचं अर्धं व्रत. न बघता चिरलं तर जीव जातो, आणि बघायचं आपणच.

मुनिमहाराज चार हात जमीन बघून पाऊल टाकतात, ती ईर्या समिती. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली, ती दृष्टी मंदावल्यामुळे. डोळे जीवदया पाळू देत नाहीत, तर देह ठेवायचा कशाला, असा तो निर्णय. आपण गृहस्थ, आपल्याला ऑपरेशनची सोय आहे, आपण ती घेतो आणि घ्यावीच. पण ज्या धर्मात डोळ्याला एवढं मोल आहे, त्या धर्मातल्या बाया डोळ्याचा निर्णय "हे म्हणतील ते" म्हणून सोडून देतात, ह्याचा मला राग येतो. स्वतःचाही येतो.

आता महागड्या लेन्सकडे वळते, कारण हे वाचून काही जणी म्हणतील, मग मल्टिफोकल बसवायची होती, दोन्ही दिसलं असतं. आमच्या नणंदबाईंना बसवली आहे, ट्रायफोकल, दोन्ही डोळ्यांत. मुलांनी हौसेने, आईला आयुष्यभर चष्मा नको म्हणून. दिवसा त्या खरंच चष्म्याशिवाय वाचतात, मोबाइल बघतात, मला हेवा वाटतो. पण संध्याकाळी मानेवाडा रोडवर समोरून गाड्या आल्या की प्रत्येक दिव्याभोवती त्यांना कडी दिसतात. मंदिरात समईच्या उजेडात ग्रंथ धरला की अक्षर आहे, पण फिकं, दूध पाण्यात मिसळल्यासारखं. त्या म्हणतात, "सवय झाली आता." झाली असेल. पण आधी सांगितलं होतं का, विचारलं तर म्हणाल्या, "कागदावर सह्या घेतल्या ना, त्यात असेल लिहिलेलं."

ह्यात जादू काही नाही. मल्टिफोकल लेन्स आत येणारा प्रकाश वाटून देते, काही लांबच्याला, काही जवळच्याला. एकाच पगारात दोन संसार चालवायचे तर दोन्हीकडे थोडी ओढ राहणारच. भरपूर उजेडात कळत नाही, कमी उजेडात कळतं. म्हणून ज्यांच्या डोळ्याचा मागचा पडदा मधुमेहाने खराब झाला आहे, ज्यांना मॅक्युलाचा त्रास आहे किंवा काचबिंदू वाढलेला आहे, त्यांना ही लेन्स बहुधा मानवत नाही. आधीच प्रकाश टिपायची ताकद कमी, त्यात वाटणी. आपल्या समाजात मधुमेह किती घरांत आहे, तुम्हीच मोजा. मग पडद्याची तपासणी न करता दरपत्रकाची वरची रांग दाखवणं हा कुठला न्याय? ज्यांचा डोळा बाकी निरोगी आहे, ज्यांना चष्म्याचा मनापासून कंटाळा आहे आणि रात्रीच्या दिव्यांची कडी चालतील, त्यांनी जरूर बसवावी. अशा खूश बायका मी पाहिल्या आहेत. माझं भांडण लेन्सशी नाही. "महाग म्हणजे चांगली" ह्या एका वाक्याशी आहे.

हे वाक्य आपल्यात आलं कुठून? मुलं लांब राहतात. पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेत. आईला वर्षातून दोनदा भेटतात. मग आईच्या डोळ्यात सगळ्यात महागडी लेन्स बसवली की त्यांच्या मनावरचं थोडं ओझं उतरतं. मी मुलाला दोष देत नाही, तो माझ्या भल्यासाठीच म्हणाला. पण प्रेम मोजायचं तर सुट्टी काढून डॉक्टरांसमोर माझ्याबरोबर अर्धा तास बसला असता तर जास्त मोजलं गेलं असतं. आणि दुसऱ्या टोकाला आपण स्वतः. "माझं काय आता, साधीच बसवा, ह्यांना चांगली बसवा." हा त्याग नाही बायांनो, हाही दरपत्रकाचाच विचार आहे. स्वस्त मागितली काय, महाग घेतली काय, कामाचा विचार दोन्हीत नाही.

साध्या लेन्सला नाक मुरडणाऱ्यांसाठी थोडा इतिहास, मला फार आवडलेला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडच्या लढाऊ विमानांच्या कॉकपिटचं झाकण फुटून वैमानिकांच्या डोळ्यात तुकडे घुसायचे. ते झाकण अॅक्रिलिक प्लास्टिकचं होतं. हॅरोल्ड रिडली नावाच्या डॉक्टरांनी पाहिलं, की हे तुकडे डोळ्यात राहूनही डोळा चिघळत नाही. त्यातून त्यांनी त्याच पदार्थाची लेन्स करवून घेतली आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात पहिलं ऑपरेशन केलं. त्यांच्याच व्यवसायातल्या मोठमोठ्या लोकांनी त्यांना वर्षानुवर्षं धुडकावलं. म्हातारपणी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत अशाच लेन्स बसल्या. २००० साली त्यांना सर किताब मिळाला.

आपल्याकडे ही लेन्स पोहोचली तेव्हा परदेशी होती आणि गरिबाला परवडणारी नव्हती. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या मंडळींनी १९९२ साली ऑरोलॅब काढून ती इथेच, फार कमी किमतीत तयार करायला सुरुवात केली. आज त्या लेन्स शंभराहून जास्त देशांत जातात. म्हणजे आपण ज्याला "देशी आहे हो" म्हणून खालच्या रांगेत ढकलतो, ते बाहेरच्या देशातल्या कोणासाठी इम्पोर्टेडच आहे!

शिबिरातल्या ऑपरेशनला हसणाऱ्या बायकाही आपल्यात आहेत. मुंबईच्या जे.जे.त डॉ. तात्याराव लहाने आणि इथे नागपुरात डॉ. विकास महात्मे ह्यांनी गोरगरिबांच्या डोळ्यांसाठी जे केलं, त्याला दोघांनाही पद्मश्री मिळाली, ती काही महागड्या पॅकेजसाठी नाही. पुण्याच्या देसाई नेत्र रुग्णालयात चारशे डोळ्यांवर तुलना झाली होती, मशीनची फेको पद्धत आणि बिनमशीनची लहान छेदाची पद्धत. तो अभ्यास २००५ साली छापून आला. चष्म्याशिवायच्या नजरेत फेको थोडी सरस ठरली, चष्मा लावल्यावर दोन्हींचा निकाल सारखाच. परवडत असेल तर फेको आणि घडीची लेन्स घ्या, मीही घेतली. पण ज्याने शिबिरात केलं त्याला बिचारा म्हणू नका.

आमच्या सासूबाईंचं ऑपरेशन लेन्स न बसवण्याच्या काळातलं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून हलू न देता निजवलेलं मला आठवतं. नंतर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. तो काढला की त्या आंधळ्याच, आणि लावला की दाराची चौकट वाकडी दिसायची. कोणतीही लेन्स त्यापुढे स्वर्ग आहे. हे विसरून आपण सोन्याची रांग, चांदीची रांग करत बसलो आहोत.

मग पैसे कुठे घालायचे? माझं मत विचाराल तर आधी मोजमापात. डोळ्याची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात, साधारण साडेतेवीस असते. त्यात एका मिलिमीटरची चूक झाली तर नंबर अडीच-तीनने चुकतो. लाखाची लेन्स चुकीच्या मापाने बसवली तर लाखाचा ब्लाउज चुकीच्या मापाने शिवल्यासारखं, आणि हा उसवता येत नाही. म्हणून मोजणी चांगल्या मशीनवर झाली का, गरज वाटल्यास दोनदा झाली का, डोळा कोरडा असेल तर आधी त्यावर उपचार झाला का, हे विचारा. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी त्या काही दिवस आधी बंद करायच्या असतात. दुसरा पैसा टोरिक लेन्सवर, पण ज्यांना सिलिंडरचा नंबर बऱ्यापैकी आहे त्यांनीच. तिथे जास्तीचा पैसा खरोखर कामाला येतो. मात्र ती नेमक्या अंशावर बसावी लागते; तीस अंश फिरली तर फायदा शून्य होतो.

हायड्रोफोबिक की हायड्रोफिलिक, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. पहिल्या प्रकारात मागची पिशवी पुन्हा गढूळ होण्याचं प्रमाण कमी असतं. ती गढूळ झाली की लोक म्हणतात "मोतीबिंदू परत आला." तसं काही नसतं, मिनिटांच्या लेसरने काम होतं. फक्त एक लक्षात ठेवा. नवी लेन्स मानवत नाही असं वाटत असेल तर लेसर करून घेण्याआधी डॉक्टरांशी भांडून घ्या, कारण पिशवीला लेसर झाल्यावर लेन्स बदलणं फार अवघड होतं.

आणि बिल! आम्ही जीएसटीच्या आकड्यांवरून भाजीवाल्याशी हुज्जत घालणारी माणसं, हॉस्पिटलात गप्प. हृदयाच्या स्टेंटला सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल किंमत ठरवून दिली, गुडघ्याच्या सांध्याला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. डोळ्याच्या लेन्सला अशी कमाल किंमत नाही, छापील किंमत वर्षात दहा टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही एवढंच बंधन. म्हणजे खोक्यावर जे छापलं ते छापलं. म्हणून पॅकेजचा एक आकडा ऐकून घेऊ नका. लेन्सचे किती, ऑपरेशनचे किती, तपासणीचे किती, वेगवेगळं लिहून मागा. लेन्सच्या खोक्यावरचं स्टिकर असलेलं कार्ड मागा, त्यावर कंपनी, मॉडेल, नंबर सगळं असतं. मला ते मागितल्यावर मिळालं, आपणहून नाही. विमा असेल तर मोतीबिंदूला बहुतेक पॉलिसीत प्रतीक्षेचा काळ आणि प्रत्येक डोळ्याची मर्यादा असते, मल्टिफोकलचा वरचा खर्च तर पुष्कळदा नाकारतात. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड आहे, त्याला उत्पन्नाची अट नाही. घरी कोणी सत्तरीचं असेल तर आधी ते काढा.

एक शंका बऱ्याच जणी दबक्या आवाजात विचारतात, म्हणून इथेच लिहिते. लेन्समध्ये प्राण्याचं काही असतं का? ह्या लेन्स अॅक्रिलिकच्या, प्राणिज काही नाही. ऑपरेशनच्या वेळी डोळ्यात जे जेल भरतात, त्याबद्दल मात्र विचारावं. एक प्रकार वनस्पतीच्या सेल्युलोजपासून होतो, आपल्याकडे तो खूप वापरतात. दुसरा पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढत, आता जंतूंच्या किण्वनातूनही काढतात. आधी सांगितलं तर डॉक्टर बहुधा ऐकतात. टेबलावर झोपल्यावर सांगू नका. ह्या कारणाने ऑपरेशनच टाळत बसलेल्या एक मावशी मला माहीत आहेत. न दिसणाऱ्या डोळ्याने त्या रोज भाजी चिरतात, त्यातली हिंसा कोणाच्या खात्यात लिहायची? आणि हो, ऑपरेशननंतर गंधोदक कपाळाला लावा, डोळ्याला महिनाभर नको. मी पहिल्याच आठवड्यात सवयीने बोट नेलं होतं, सूनबाईने हात धरला.

"तुम्हाला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं का?" हे मला घरातूनच ऐकावं लागलं. नाही कळत. डोळ्याची लांबी, पडदा, बाहुली, पिशवी हे सगळं डॉक्टरांनाच कळतं आणि अमुक लेन्स तुम्हाला चालणार नाही असं ते म्हणाले तर ऐकायचं. पण मी सकाळी सहापासून काय बघते, हे त्यांना माझ्याशिवाय कोण सांगणार? तेवढा भाग माझा आहे.

दुसऱ्या डोळ्याची गोष्ट सांगते. ऑपरेशन झालेला उजवा डोळा लांबचा, डावा जुना मायनसचा. त्या डाव्याने जवळचं दिसायचं, पण मळक्या काचेतून बघावं तसं. दोन्हींच्या नंबरात एवढी तफावत, की चष्मा केला तर डोकं गरगरायचं. चार महिने असे काढले. उजवी लेन्स बदलता येईल का, हे दुसऱ्या एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, येईल, पण चांगला बसलेला डोळा पुन्हा उघडायचा धोका कशाला? मला पटलं. मग मी पिशवीतून कागद काढला, त्यावर माझी कामं लिहिली होती, अंतरासकट. टेपने मोजून नेली होती. ओटा ६० सेंटिमीटर, निवडायचं ताट ५०, ग्रंथ ३५, टीव्ही फारसा नाही, गाडी चालवत नाही. डॉक्टर हसले, पण कागद नीट वाचला. म्हणाले, डावा मायनस तीन ठेवला तर दोन डोळ्यांत फरक फार होईल, मेंदूला जुळवता येणार नाही. मायनस दीडवर ठेवू. मग चाचणीच्या चौकटीत काचा घालून मला अर्धा तास बाहेर बसवलं. मी पर्समधून सुईदोरा काढला. आजूबाजूचे पेशंट बघत होते.

जानेवारीत ऑपरेशन झालं. साधी, घडीची, मोनोफोकल लेन्स, तक्त्यातली खालून दुसरी रांग. पहिल्या डोळ्याच्या निम्म्याहून कमी खर्च. मायनस दीड ठरलं होतं, हाती मायनस सव्वा आला. एवढा फरक पडतो, आधी सांगितलं होतं. ओट्यावरचं दिसतं, तांदूळ निवडता येतात, भाजी बघता येते, मोबाइल हात लांब करून वाचता येतो. बारीक टाइपाच्या ग्रंथाला चष्मा लागतो. सुईत दोरा ओवायला तर लागतोच. तो जुना मायनस तीन गेला तो गेला. त्याचं वाईट वाटतं, विशेषतः पहाटे, सामायिक झाल्यावर पुस्तक उघडायचं आणि चष्मा कुठे ठेवला ते शोधत बसायचं, तेव्हा.

परवाच्या गुरुवारी धाकट्या जाऊबाईंची तारीख आहे. त्यांनाही लहानपणापासून मायनसचा नंबर. फोन करून म्हणाल्या, "ताई, तुम्ही या बरोबर, तुम्हीच बोला डॉक्टरांशी, मला नाही जमत." मी येते म्हटलं, पण बोलणार नाही म्हटलं. टेप घेऊन आज त्यांच्याकडे गेले होते. त्या शिवणाच्या मशीनवर बसल्या, मी नाकापासून सुईपर्यंत मोजलं. ४२ सेंटिमीटर. त्यांनी स्वतःच्या हाताने कागदावर लिहिलं आणि खाली आणखी एक ओळ घातली, "रांगोळी, जमिनीवर बसून." तेही मोजलं.